ओळखणाऱ्याची सही

“नाव?” पेडणेकरांनी विचारलं.

“मल्हारी लक्ष्मण गुरव.”

“वय?”

“त्रेसष्ट चालू हाय.”

“व्यवसाय?”

“वकील-कारकून. रजिस्टर्ड.” असं म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशावरचा पितळी बिल्ला बोटानं सरळ केला. तो वाकडा झालेला नव्हता.

मार्चमधली दुपार होती, तीन वाजले होते. मुंबईतल्या आमच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर सुनावणीची खोली होती. तिथे मधल्या खुर्चीत मी बसले होते आणि समोरच्या फायलीत डोकं खुपसलं होतं. त्या पानावर वाचण्यासारखं काही नव्हतं. मला मान वर करायची नव्हती, एवढंच.

समोरच्या माणसाला मी वीस वर्षं ओळखत होते.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या मंडळात मी सुनावणी अधिकारी होते. म्हणजे कुणा कंपनीनं लोकांना टोपी घातली की तिच्या संचालकांना नोटीस जायची, ते माझ्यासमोर येऊन आपलं म्हणणं मांडायचे आणि मी निकाल लिहायचे. त्याआधी मी वकील होते. वकिलाला समोरच्याला घाम फोडायचा तर आधी न्यायाधीशाची मर्जी सांभाळावी लागते; इथे तीही भानगड नव्हती. मोठमोठे शेठ माझ्यासमोर पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरू नये म्हणून जपायचे. मला ते आवडायचं. आता या वयात खोटं कशाला बोलू?

त्या दिवशीचं प्रकरण भैरवकाठ फूड्स नावाच्या कंपनीचं होतं. जयसिंग इंगवले हा तिचा कर्ताकरविता. भाजीपाल्यासाठी भलंमोठं शीतगृह बांधून झालंय असं माहितीपत्रकात छापून त्यानं शेअर विकले होते. शीतगृहाचा फोटोही छापला होता. फोटो खरा होता, फक्त शीतगृह दुसऱ्याचं होतं. शाळामास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाया, निवृत्त कंडक्टर अशा माणसांनी ते शेअर घेतले आणि हात पोळून घेतले. इंगवले परदेशी पसार झाला. मागे राहिले तीन संचालक: त्याचा मेहुणा, त्याचा चुलतभाऊ आणि मल्हारी लक्ष्मण गुरव. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘वरील सर्व मजकूर आम्ही तपासला असून तो खरा आहे’ या वाक्याखाली तिघांच्याही सह्या होत्या.

मेहुण्यानं आणि चुलतभावानं मुंबईतला नामांकित वकील दिला होता. आदल्या आठवड्यात त्यानं दोन तास आवाज चढवून एकच गोष्ट सांगितली होती: माझ्या अशिलांनी न वाचता सह्या केल्या. गुरव मात्र एकटेच आले होते, हातात कापडी पिशवी, डोक्यावर कडक टोपी. सकाळी सहाच्या गाडीनं निघाले असणार.

पेडणेकर माझे सहायक. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि छापील फॉर्मवर त्यांची अशी श्रद्धा होती की हा माणूस वर गेल्यावरही दारात आधी फॉर्म मागेल, असं आम्ही म्हणायचो. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि नेहमीच्या आवाजात वाचलं, “कलम एक. सुनावणी अधिकारी आणि नोटीसधारक यांची पूर्वओळख नाही. बरोबर?”

दर सुनावणीला हे वाक्य वाचलं जायचं आणि दर सुनावणीला लोक मान डोलवायचे. ओळख असेल तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं, असा साधा नियम होता.

गुरवांनी मान वर केली. मग मलाही करावी लागली. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर हाय, मॅडम,” ते म्हणाले.

वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं. मी त्यांची ‘वकीलबाई’ होते.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या कोर्टात मी आठ वर्षं वकिली केली. सनद घेऊन तिथे गेले तेव्हा बारमध्ये अठ्ठावीस पुरुष होते आणि मी. “या की, बसा की,” असं सगळे तोंडभरून म्हणायचे आणि मी बसले की सगळे गप्प व्हायचे. आठवडाभर मी कोर्टाच्या आवारात फायली छातीशी धरून उभी होते. शेवटी तात्या गुरवांना राहवलं नाही. सगळं कोर्ट त्यांना तात्याच म्हणायचं. त्यांचे जुने वकील नुकतेच वारले होते आणि चार बड्या वकिलांनी त्यांना बोलावणं धाडलं होतं. त्यांनी कुठूनसं तीन पायांचं टेबल पैदा केलं, चौथ्या पायाच्या जागी विटा रचल्या आणि ते जिन्याखाली मांडलं.

“हितं बसा, वकीलबाई. जिना उतरला की पक्षकाराला पयल्यांदा तुमीच दिसणार.”

आणि स्वतः शेजारच्या बाकावर बसले. मी त्यांना ठेवलं असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे त्यांनीच मला ठेवलं होतं.

माझ्या पहिल्या उलटतपासणीला माझा आवाजच गेला. साक्षीदार पिंजऱ्यात, समोरचे वकील गालात हसतायत आणि माझ्या घशातून शब्द फुटेना. मागच्या भिंतीकडून तात्या खडखडीत आवाजात म्हणाले, “बाईंना पानी द्या, घसा बसलाय.” न्यायाधीशांनी वर पाहिलं, शिपाई पाणी आणायला गेला, आणि ते पाणी येईपर्यंत मला माझा प्रश्न सापडला. तो दावा मी जिंकले. त्यानंतर मला बसा की म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर बोलायलाही सुरुवात केली.

तर हे तात्या. त्यांचं नाव मी सुनावणीच्या दहा दिवस आधीच फायलीत वाचलं होतं. त्याच दिवशी टिपण लिहायलाही घेतलं: ‘सदर नोटीसधारक माझ्या परिचयाचे असल्याने हे प्रकरण अन्य अधिकाऱ्याकडे वर्ग करावे.’ एका ओळीचं काम. पण आमच्याकडे त्या टिपणाला दुसरी ओळ लागायची, परिचय कसा आणि कुठला. ती मला लिहवेना. एप्रिलमध्ये विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखती होत्या आणि ते टिपण थेट त्याच लोकांच्या टेबलावर जाणार होतं. मी कागद फाडला. स्वतःची समजूत घातली, की दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा माझ्याकडे आलेलं बरं, निदान तात्यांना समजून घेणारं कुणीतरी असेल. अशा समजुती घालण्यात वकिलांचा हात कुणी धरू शकत नाही.

आणि तात्यांनाही ठाऊक होतं. नोटिशीवर माझी सही होती. आठ वर्षं जी सही त्यांच्या डोळ्यांखालून गेली, ती त्यांनी नाही ओळखायची तर कुणी? म्हणजे ‘मॅडम’ हा शब्द ते गावाहूनच ठरवून घेऊन आले होते.

“हे माहितीपत्रक तुम्ही वाचलं होतं?” पेडणेकरांनी विचारलं.

“न्हाई. इंग्रजी हाय त्ये. मी सातवी पास.”

“कुणाकडून वाचून घेतलं?”

“न्हाई.”

“मग सही कशी केलीत?”

“इंगवलेसाहेबांनी कागद म्होरं केला, बोट ठिवलं, म्हनले हितं. मी केली.”

“संचालक कसे झालात?”

तात्या जरा ओशाळले. “म्हनले, कोर्टातला एक इमानदार मानूस बोर्डावर पायजे. वर्सातनं दोनदा सही, बाकी काय काम न्हाई. दिवाळीला सफारीचं कापड द्यायचे. नारळ फोडायला म्होरं उभं केलं हुतं एकदा, पेपरात फोटू आला हुता.” त्यांनी पिशवीत हात घातला, बहुधा तो फोटो काढायला, आणि पुन्हा बाहेर काढला.

“पण गुरव,” पेडणेकर आता फॉर्म सोडून बोलत होते, “तुम्ही अडतीस वर्षं कोर्टात. सहीची किंमत तुम्हाला सांगायची का? न वाचता, न विचारता सही?”

“सवय हाय साहेब. वकील बोट ठिवतो, कारकून सही करतो.”

“अडतीस वर्षं असंच?”

“न्हाई. ही झाली चौदा-पंधरा वर्सं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्येच्या आदी इचारत हुतो.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. पेडणेकरांना त्या उत्तरात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी ते इंग्रजीत करून नोंदीत उतरवलं आणि पान उलटलं.

“तुम्हाला आणखी काही सांगायचंय?” मला विचारणं भाग होतं. माझा आवाज मलाच घोगरा वाटला.

तात्या उभे राहिले. बसून बोललात तरी चालेल असं पेडणेकर म्हणाले, पण ते उभेच राहिले. कोर्टात बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

“मॅडम, शिक्षा काय हुईल ती द्या. बाजारात पाऊल ठिवू नको म्हना. मी बाजार बगितला बी न्हाई. ज्या लोकांचं गेलं त्यांच्यात माझा सख्खा साडू हाय, त्यो माझ्याशी बोलत न्हाई आन् त्येचं बरोबर हाय. पर एक इनंती हाय. निकालात ‘फसवणूक’ लिवू नका. ‘हयगय’ लिवा. हयगय माझी झाली, त्ये मी कबूल करतो. फसवणूक मी केली न्हाई.”

“फरक काय पडतो तुम्हाला?” पेडणेकरांनी विचारलं. चांगल्या मनानंच विचारलं.

तात्यांनी पुन्हा बिल्ल्याला बोट लावलं. “आमच्या जिल्हा कोर्टाचा नियम हाय. कुठल्या बी सरकारी निकालात नावापुढं फसवणूक लागली की रजिस्टरातनं नाव कमी. बिल्ला जमा. हयगयीला ताकीद देत्यात नुसती.” मग जरा थांबून म्हणाले, “बिल्ल्याशिवाय मला आत कोन घेनार? आन् घरात बसून मी करू काय?”

एका शब्दाची मागणी होती. आणि ती रास्त होती, कायद्यातही बसत होती. मी मान हलवली, ‘विचार करू’ अशा अर्थी. ही मान हलवायची कला मी मुंबईत शिकले.

पेडणेकरांच्या फॉर्मवर शेवटचं कलम उरलं होतं. “मुख्य आरोपी जयसिंग इंगवले यांच्याशी तुमची ओळख कधी झाली आणि कुणी करून दिली?”

तात्या माझ्याकडे पाहत नव्हते. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होते. मी मात्र आता त्यांच्याकडेच पाहत होते.

“कोर्टात झाली,” ते सावकाश म्हणाले. “कामाच्या निमित्तानं. कुणी करून दिली त्ये आता ध्यानात न्हाई.”

“आठवत नाही?”

“वय झालं, साहेब.”

या माणसाला १९७१ सालच्या दाव्यांचे नंबर तोंडपाठ होते.

ओळख मी करून दिली होती.

आमच्या कोर्टात प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक छापील ओळ असायची: ‘प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी ओळखतो.’ तिच्याखाली ओळखणाऱ्याची सही. ती सही वकिलाचा कारकून करायचा. खरोखर ओळखीचा माणूस हुडकत बसायला कुणाला वेळ होता? तरी तात्या विचारायचे. गाव कुठलं, पाटील कोण, सोयरे कुणाकडचे. ओळखीचा नसला तरी ओळखीच्याचा ओळखीचा निघाल्याशिवाय त्यांचं पेन उघडायचं नाही. त्यात पाच-दहा मिनिटं जायची आणि पक्षकार कंटाळायचा.

एकोणनव्वद साली इंगवले माझ्याकडे आला. नवी कोरी मोटारसायकल, हातात कडं, बोलण्यात साखर. जमिनीच्या कामाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं आणि पुढे पुष्कळ कामं देणार होता. त्याला व्हरांड्यात उभं करून मी तात्यांपुढे कागद ठेवला.

“वकीलबाई, ह्यांना मी वळखत न्हाई.”

“मी ओळखते ना.”

“तुमी कालच भेटलाय.”

“तात्या, रोज करताच की सही. आजच काय झालं?”

“रोजच्या मानसाचा कुनीतरी पावना तरी ठावा असतो. ह्यो कुठला, कुनाचा, धड सांगंना. मला ह्यो मानूस बरा दिसत न्हाई. दोन दिस थांबा, मी चौकशी करतो.”

इंगवले व्हरांड्यातून आमच्याकडे पाहत होता. दोन दिवसांत हा दुसऱ्या वकिलाकडे जाईल या विचारानं माझं डोकं फिरलं.

“तुम्ही माझे कारकून आहात की मी तुमची?” मी म्हटलं. हळू आवाजात नाही म्हटलं. बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. “मी बोट ठेवते तिथे सही करायची. वाचायचं, ओळखायचं ते माझ्याकडे. तुम्ही विचारायचं नाही.”

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तात्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही केली. त्यानंतर मी तिथे दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही, एकाही पक्षकाराला, गाव विचारलं नाही. कामं भराभर व्हायला लागली. बरं झालं, मी एकदा सुनावलं ते, असं मला वाटायचं.

इंगवल्यानं ते सगळं पाहिलं होतं. प्रतिज्ञापत्र खिशात घालताना तो म्हणाला होता, “भला माणूस आहे हो तुमचा.”

“लाखात एक,” मी म्हटलं होतं.

सुनावणीच्या नोंदीचा कागद सहीसाठी पुढे आला. मी आधी सही केली. पहिलंच वाक्य होतं, पूर्वओळख नाही. मग पेडणेकरांनी तो तात्यांकडे सरकवला, आणि सवयीनं, कुणालाही दाखवतात तसं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तात्यांनी त्या बोटाशेजारी सही केली. अक्षर तसंच होतं, मोत्यासारखं.

पिशवी उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मला तेव्हा खरंच वाटलं, बोलावं त्यांनी, सगळं बोलावं, म्हणजे माझी सुटका होईल.

“साहेब,” ते पेडणेकरांना म्हणाले, “मॅडमना पानी द्या. घसा बसलाय.”

निकाल लिहायला मला तीन आठवडे लागले. एकतीस पानांपैकी तीस पानं मी दोन दिवसांत लिहिली. उरलेल्या पानावर एक शब्द ठरवायचा होता.

‘हयगय’ लिहायला काहीच हरकत नव्हती. पण मग लिहावं लागलं असतं की या माणसाच्या न वाचता सही करण्यावर माझा विश्वास बसला आहे, आणि तो का बसला तेही. मेहुण्याचा तो नामांकित वकील लगेच उठून म्हणाला असता, एकाला हयगय तर माझ्या अशिलांना का नाही? तोही खरं तर अडचणीचा मुद्दा नव्हता, त्याला देण्यासारखी दहा उत्तरं माझ्याकडे होती. खरी भीती एकच. उद्या कुणी खणून काढलं की गुरव हे उपळेकर मॅडमचे जुने कारकून, तर? नरमाई दाखवली असेल तर मी संपले. कडक वागले असेन तर उलट वाहवा, स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही बाईनं. तात्यांची मान देऊन मी माझी सोडवत होते. हे तेव्हाही मला कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

सत्ताविसाव्या परिच्छेदात मी लिहिलं: ‘नोटीसधारक क्रमांक तीन यांनी अडतीस वर्षे न्यायालयाच्या आवारात काढली आहेत. अशा अनुभवी व्यक्तीने केवळ कोणीतरी बोट ठेवले म्हणून सही केली, हे कथन कोणत्याही समंजस माणसाला पटणारे नाही. सबब त्यांचा फसवणुकीतील सहभाग सिद्ध होतो.’

इंग्रजीत ते फार सुरेख उतरलं होतं. वरिष्ठांनी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ‘उत्तम’ लिहिलं. एप्रिलमध्ये मुलाखत झाली. जूनमध्ये मी विभागप्रमुख झाले.

तात्यांचं पुढे काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी त्या बारमधल्या एकानं सांगितलं. जिल्हा कोर्टाचं पत्र यायच्या आधीच त्यांनी बिल्ला घासूनपुसून लखलखीत केला आणि स्वतः नेऊन जमा केला. त्यानंतर रोज अकराला ते घरून निघायचे, कडक टोपी घालून, आणि कोर्टाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसायचे. लोक अर्ज लिहून घ्यायला तिथे यायचे. फाटकाच्या आत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही, कुणी किती बोलावलं तरी. एकदा जोराचा पाऊस आला तेव्हा सगळी टपरी आत व्हरांड्यात पळाली आणि हे तिथेच पोत्याखाली बसून राहिले म्हणे. सांगणारा हसत सांगत होता. मीही थोडी हसले.

मी कधी गेले नाही. पुण्याहून तिथे जायला चार तास पुरतात. निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली आणि तात्यांना जाऊन सहा.

पण माझ्या डोळ्यांपुढे येते ती ती टपरी नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यातली एक साधी पोच येते.

निकालाची प्रत नोटीसधारकाला पाठवली की तिच्यासोबत पोचेचा छापील कागद जायचा. मिळाल्याची सही, तारीख, आणि खाली एक रकाना. परगावचा माणूस असेल तर ही सही त्याचीच आहे हे सांगणारं कुणीतरी हवं, म्हणून त्या रकान्यात छापलेलं असायचं: ‘सही करणाऱ्यास मी ओळखतो/ओळखते.’

सकाळी साडेअकराला पेडणेकर तो कागद घेऊन माझ्या केबिनमध्ये आले.

“गुरवांची पोच आली, मॅडम. पण जरा गडबड आहे.”

मी कागद घेतला. सहीच्या वर, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे, मोत्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या.

‘निकाल इंग्रजीत असल्याने मुलगी शोभा हिच्याकडून संपूर्ण वाचून घेतला. परिच्छेद सत्तावीस दोनदा वाचून घेतला. समजले. मग सही केली आहे.’

खाली सही. खालचा रकाना कोरा.

“तो जादा मजकूर चालेल एक वेळ,” पेडणेकर म्हणाले, “पण ओळखणाऱ्याची सहीच नाही. एवढा जुना कारकून, आणि हे कसं राहिलं? सगळं गाव ओळखत असेल त्याला. परत पाठवू?”

राहिलं नव्हतं. अडतीस वर्षांत त्या माणसाच्या हातून कुठला रकाना राहिला नव्हता. तो त्यांनी कुणासाठी सोडला होता ते मला समजलं. माझ्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. दुसऱ्या कागदांवर सह्या करता करताच मी ही पोच हातात घेतली होती. तिथे सही करायला जगात माझ्याइतका योग्य माणूस सापडला नसता. एक सही, आणि सगळं प्रकरण पुन्हा उघडलं असतं: निकाल, बिल्ला, एकोणनव्वद सालचं प्रतिज्ञापत्र, मी.

मी पेनला टोपण लावलं.

“नको,” मी म्हटलं. “तसंच असू दे. फायलीला लावा.”

पेडणेकर घुटमळले. अपुरा फॉर्म दाखल करून घ्यायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. “उद्या कुणी विचारलं तर, मॅडम?”

“कुणी विचारणार नाही,” मी म्हटलं.

आणि खरंच, आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.